मौनाचा अर्थ कोणी लावायचा?

मानसशास्त्राने समाजाला काय दिले, असा प्रश्न निघाला की मनोरुग्णांवरील उपचारांचा किंवा बुद्धिमापनाच्या कसोट्यांचा उल्लेख होतो. त्यांचे मोल कमी नाही. परंतु ज्या संशोधनामुळे लक्षावधी पगारदारांच्या म्हातारपणाची तरतूद झाली, ते या यादीत क्वचितच येते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ते सांगताना किंचित संकोच वाटतो, कारण त्याने आमच्या देव्हाऱ्यातील एक मूर्तीच हलविली.

ही मूर्ती म्हणजे सदैव हिशेब करून वागणारा विवेकी माणूस. आज किती खर्चावे, उद्यासाठी किती राखावे, हे त्याला अचूक कळते. आणि कळते तसे तो वागतोही! पाठ्यपुस्तकाबाहेर त्याची गाठ सहसा पडत नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली ‘इकॉनोमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्याच नियतकालिकात असे मांडले की, लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख माणसाला अधिक बोचते. बचतीचे घोडे येथेच पेंड खाते. पगारातून बाजूला काढलेली रक्कम ही आजची हानी भासते, आणि वीस वर्षांनंतरचा लाभ डोळ्यांना दिसत नाही. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्वर्स्की त्यापूर्वीच, १९९६ मध्ये, निवर्तले होते.

या विचाराचा व्यवहारी उपयोग पुढे अमेरिकेत झाला. तेथील एका मोठ्या कंपनीत निवृत्तिनिधीत सामील व्हायचे तर कर्मचाऱ्याला अर्ज भरावा लागे. १९९८ मध्ये नियम उलटा केला गेला. नवा कर्मचारी आपोआप सभासद होई. नको असेल तर त्याने तसे कळवायचे. मॅड्रियन आणि शी या संशोधकांनी २००१ मध्ये त्याचा हिशेब मांडला. आधीच्या वर्षी नोकरीस लागलेल्यांपैकी ४९ टक्के सभासद झाले होते. नव्यांपैकी ८६ टक्के सभासद राहिले. पगार तोच, योजनाही तीच होती. बदलला होता तो केवळ मौनाचा अर्थ.

थेलर आणि बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांची युक्ती याहून मार्मिक होती. आजच्या पगाराला हात लावू नका, पुढची पगारवाढ झाली की तिच्यातून बचत वाढवू, असे त्यांनी कामगारांना सुचविले. हातात आलेले काहीच जात नसल्याने कोणाला हानी भासली नाही. ज्यांच्यापुढे ही योजना ठेवली गेली त्यांपैकी ७८ टक्के तीत आले आणि चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. ब्रिटनने २०१२ पासून आपोआप सभासदत्वाचे तत्त्व कायद्याने लागू केले आणि एक कोटीहून अधिक कामगार निवृत्तिवेतन योजनांत आले.

आपल्याकडे १९५२ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी आला, तो सक्तीच्या रूपाने. सक्ती आणि ही युक्ती एक नव्हेत. युक्तीत बाहेर पडण्याचे दार उघडे असते. तथापि, दोन्हींची मर्यादा सारखीच आहे. ज्याला दरमहा पगारच नाही, त्याचे कापणार काय? शेतमजूर, घरकामगार, फेरीवाले यांच्यासाठी २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली खरी. पण अनियमित मिळकतीतून नियमित हप्ता भरण्याचा प्रश्न कोणत्याही मानसशास्त्राने सुटणारा नाही. तो मजुरीच्या दराचा प्रश्न आहे, आणि मानसशास्त्राच्या आडून सरकारने त्याकडे पाठ फिरवू नये.

आणखी एक गोष्ट अधिक चिंतेची आहे. माणूस रकाना कोरा ठेवतो हे ज्ञान जसे लोककल्याणाच्या कामी येते, तसे नफेखोरांच्याही येते. २०१७ मध्ये आपल्या देशात एका दूरसंचार कंपनीच्या पेमेंट बँकेत ग्राहकांची खाती त्यांच्या स्पष्ट संमतीवाचून उघडली गेली. मोबाइलसाठी दिलेल्या आधार पडताळणीतून हे घडले. आणि आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात अनुदान जमा करण्याचा संकेत असल्याने कित्येकांच्या गॅसचे अनुदान तेथे वळले. रिझर्व्ह बँकेने मार्च २०१८ मध्ये त्या बँकेला पाच कोटी रुपयांचा दंड केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रीतील अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली. ग्राहकाला न विचारता त्याच्या खरेदीत एखादी वस्तू, विमा वा देणगी जोडणे ही त्यांतलीच एक. बंदी योग्यच आहे. पण बँकेच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसापुढे कागदच असतो, आणि सही कोठे करायची एवढेच त्याला सांगितले जाते.

म्हणून मागणी साधी आहे. बँक, विमा, निवृत्तिवेतन यांच्या प्रत्येक अर्जावर, ‘हा रकाना कोरा ठेवल्यास काय होईल’ हे मराठीत, ठळक अक्षरांत छापले जावे. जेथे कोरा रकाना ग्राहकाच्या खिशातून पैसे काढतो, तेथे त्याचा अर्थ नकार असाच धरला जावा. आणि जेथे तो त्याच्या स्वतःच्या नावे पैसे साठवितो, तेथे होकार धरण्यास हरकत नसावी, मात्र बाहेर पडण्याचा अर्ज एका पानाहून मोठा नसावा. हे करण्यास नवा कायदा लागणार नाही. नियामकांचे एक परिपत्रक पुरे आहे.