करकंबची आमटी, पुण्याचा पत्ता

पंढरपूर तालुक्यातले करकंब ठाऊक नसणारा माणूसही तिथल्या बाजार आमटीचे नाव ऐकून असतो. चारपाच डाळी, सढळ हाताचा काळा मसाला, वर लालभडक तर्री आणि तीत कुस्करलेली भाकरी! या आमटीचा मसाला इंटरनेटवरून विकायचे करकंबला दिलेल्या माझ्या भाचीने ठरवले आहे. भांडवलासाठी पाटल्या मोडायच्या आणि कांडप यंत्र घ्यायचे, असा बेत. सल्ल्यासाठी मात्र फोन मला आला, कारण मामाला हिशेब येतो अशी आमच्या घराण्यात एक अफवा आहे.

घरबसल्या माल मागवण्याची हौस काही आजची नव्हे, बरे का! आमच्या लहानपणी मासिकांच्या शेवटच्या पानांवरून घड्याळे आणि केशतेले व्ही. पी.ने घरोघर जात. पोस्टमन दारात आला की यजमानांचा विचार बदले, आणि पार्सल आल्या वाटेने परत! आज पोस्टमनच्या जागी कुरिअरवाला मुलगा आला. यजमान तेच आहेत.

करकंबच्या माणसाला पुण्यामुंबईचे गिऱ्हाईक आता हाताशी आले, हे मात्र खरे. श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल अधिकाऱ्याने (गृहस्थ संस्कृत कवीही होते!) 1972 साली पिन कोड दिला, 2016 साली यूपीआय आले. पत्ता आणि पैसा या दोन्ही अडचणी सरल्या. पण त्या साऱ्यांच्याच सरल्या! मोठ्या ऑनलाइन दुकानात नुसते ‘काळा मसाला’ लिहा, पाकिटांची रांग संपत नाही. त्या गर्दीत आपण दोन रुपयांनी स्वस्त झालो, तर शेजारचा तीन रुपयांनी होतो.

मी भाचीला म्हटले, “आधी एका पाकिटाचा हिशेब सांग.”

दोनशे ग्रॅमचे पाकीट, किंमत 160 रुपये. माल 70, पिशवी-खोके 15, पोहोचवणावळ 55, ऑनलाइन दुकानाची दलाली 24. बेरीज 164! म्हणजे गिऱ्हाइकाने मसाला घ्यावा आणि वर चार रुपये दक्षिणाही न्यावी.

“मग तीन पाकिटे एकत्रच द्यायची,” ती म्हणाली. पोरगी हुशार. वजन तिप्पट झाले तरी पोहोचवणावळ तिप्पट होत नाही. 480 रुपयांत माल 210, बांधणी 25, पोहोच 80, दलाली 72, उरले 93. मात्र असे एक पार्सल परत आले, तर जाण्यायेण्याचे 160 आणि बांधणीचे 25, असे 185 बुडाले. दोन पार्सलांची कमाई गेली की! म्हणून पैसे आधी, आणि सुरुवात ओळखीच्या घरांपासून, थेट फोनवर. तिथे दलालीही वाचते.

अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र पहिल्या पाकिटाआधी हवी; 2006 च्या कायद्याने ती घरगुती धंद्यालाही चुकत नाही. चौदा आकडी क्रमांक, वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, पत्ता, सारे पाकिटावर छापायचे. भाचीच्या सासूबाईंना हे अपमानास्पद वाटले. “आमच्या हाताला सरकारचा शिक्का कशाला?” त्यांची समजूत घालायला आठवडा लागला.

पाटल्यांचे आम्ही असे ठरवले की, त्या तूर्त हातातच राहू द्यायच्या. मसाला गावातल्या यंत्रावर कांडून घ्यायचा, खेप पाच किलोची. पहिली मागणी नात्याची, भिडेची असते. तिच्यावर सोने मोडू नये. त्याच घरांनी पुन्हा, आपणहून मागवले तर यंत्राचे बोलू.

पाच किलोंची पंचवीस पाकिटे झाली. चोवीस आठ घरी गेली, पंचविसावे माझ्याकडे. महिन्याभरात तीन घरांतून दुसरी मागणी आली. कोथरूडच्या एका बाईंनी मसाला फार तिखट असल्याचे कळवले. भाचीने त्यांना कमी मिरचीची पुडी पाठवली आहे, आणि सासूबाईंनी त्या मसाल्याला आमटीचा म्हणायला साफ नकार दिला आहे.