गाणी मोजणारा रसिक

'खास संगीतप्रेमींसाठी' असे बिरुद मिरवणारे मोबाइल फोन २००५ च्या सुमारास बाजारात येऊ लागले. सोनी एरिक्सनने त्या वर्षी डब्ल्यू ८०० या फोनवर वॉकमन हे जुने, मातब्बर नाव कोरले. २००७ मध्ये नोकियाचा ५३१० एक्स्प्रेसम्युझिक आला. त्याच्या पडद्याशेजारी गाणे थांबवायला, पुढे-मागे न्यायला स्वतंत्र कळा होत्या. त्या कळांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती 'संगीतप्रेमी' या शब्दाचा जो अर्थ या फोनांनी गृहीत धरला आणि आपण मुकाट्याने स्वीकारला, त्याविषयी. ज्याच्यापाशी गाणी अधिक तो रसिक मोठा, असा तो अर्थ. धान्याचे कोठार बाळगणाऱ्याला खवय्या म्हणण्यातलाच हा प्रकार. मोटोरोलाच्या २००५ मधल्या रॉकर फोनात कार्ड कितीही रिकामे असले तरी शंभरावर गाणी मावू दिली जात नसत. त्यावर टीका झाली, ती शंभर हा आकडा फार लहान आहे म्हणून!

आकड्यांचे एक वेळ सोडून देऊ. खरा अपराध कप्प्यांचा आहे. एमपी३ फायलीच्या शेपटाला जोडायची 'आयडी३' ही चिठ्ठी १९९६ मध्ये तयार झाली. सारी चिठ्ठी १२८ बाइटांची. शीर्षकाला ३० अक्षरे, कलावंताला ३०, अल्बमला ३०, शेऱ्याला ३०, वर्षाला ४, आणि संगीतप्रकारासाठी ८० नावांच्या ठरीव यादीतला एक क्रमांक. त्या यादीत पोल्का आहे. ख्याल नाही, ठुमरी नाही. अभंग, लावणी, नाट्यगीत यांचे तर नावच नको. 'एथ्निक' असा एक कप्पा आहे, त्यात आपण सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचे. १९९८ च्या सुधारित आवृत्तीत कवी आणि संगीतकार यांना जागा मिळाली, युनिकोडही आले. पण कप्पा असणे वेगळे आणि तो भरणे वेगळे. गाणी उतरवून घेणाऱ्यांनी तो क्वचितच भरला.

याचे परिणाम पाहायचे तर 'गीतरामायण' घ्यावे. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेली ही ५६ गीते. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे अनेक गायक. या कृतीचा 'आर्टिस्ट' कोण? गायकांच्या नावांनी लावले तर एक काव्य दहा ठिकाणी विखुरते, आणि ज्याने ते लिहिले त्याचे नाव कुठेच उमटत नाही. शीर्षकांनी लावले तर वर्णमाला ठरवील तो कथाक्रम. आणि 'शफल' नावाची ती करामती कळ दाबली, की जन्माआधी वनवास! कृतीला आदि-मध्य-अंत असतो हे आम्ही वर्गात तास तास सांगावे, आणि खिशातल्या यंत्राने ते क्षणात खोडून काढावे.

कुणी म्हणेल, यंत्राने संगीताला कधी मुरड घातली नाही? घातली. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान तबकडीसाठी गायल्या तेव्हा रागाला जेमतेम तीन मिनिटे मिळाली. पण गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, तिथल्या कामगारांना ओळख पटावी म्हणून, असे सांगतात. कारण व्यवहाराचे असेल. परंतु गाणे आणि गाणारी यांची ताटातूट त्या तबकडीत होऊ शकत नव्हती. आमच्या फोनात तबलजी, सारंगीवाला, बंदिशकार यांची ताटातूट पहिल्याच पडद्यावर होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ज्यांच्या घरी कधी रेकॉर्ड प्लेअर आला नाही, त्यांच्या हाती या फोनांनी गाणे दिले. हे खरे आहे आणि आम्हाला ते मोलाचे वाटते. मात्र त्याचे श्रेय फोन कंपन्यांना देण्याआधी, 'कार्डात गाणी भरून मिळतील' अशी पाटी लावून एसटी स्टँडबाहेर बसलेल्या दुकानदाराकडे पाहावे. त्याच्या संगणकावर फोल्डर असत ते भक्तिगीते, लावण्या, लग्नाची गाणी, जुनी दर्दभरी असे. गाणे कशासाठी ऐकले जाते, हे त्याला ठाऊक होते. (त्याचा धंदा स्वामित्वहक्काच्या कायद्यात बसत नव्हता, हेही नमूद करू.) मराठीची पदवी नसलेल्या त्या माणसाने केलेले वर्गीकरण ८० क्रमांकांच्या यादीपेक्षा आपल्या गाण्याच्या कितीतरी जवळचे होते, तरी एखाद्या कंपनीने त्याला काही विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता संगीतासाठी वेगळा फोन मागणारे थोडेच. ५३१० हे नाव २०२० मध्ये भारतात पुन्हा विक्रीला आले, ते जुन्या आठवणींवर. बाकीचे ऐकणे स्ट्रीमिंगवर गेले आहे. कोट्यवधी गाणी, मोजदादच संपली. कवीचे नाव मात्र अजून दोन-तीन टिचक्यांच्या आड शोधावे लागते, आणि सापडले तरी 'रायटर' म्हणून, रोमन लिपीत.