जिवाणूंनी विणलेली पट्टी सरकारी दवाखान्यातही हवी

भाजलेल्या माणसाची पट्टी बदलताना कधी पाहिलंय का? कापसाची जाळीदार पट्टी जखमेतल्या पाण्याबरोबर वाळते, चिकटते. ती ओढून काढली की खालची कोवळी नवी कातडीही सोबत येते. आपण म्हणतो, "थोडं दुखणारच." मला हे पटत नाही, कारण न चिकटणारी पट्टी विणणारा कारागीर विज्ञानाला १८८६ पासून माहीत आहे.

त्या वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ एड्रियन ब्राउन यांनी व्हिनेगरमधल्या एका जिवाणूचं वर्णन केलं. गोड द्रवावर तो जाड साय धरतो. ही साय म्हणजे सेल्युलोज, कापसात असतं तेच! फरक इतकाच, की कापसाचा तंतू डोळ्यांना दिसतो आणि याचे तंतू नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतात. त्यांच्या जाळीत एवढं पाणी मावतं की ओल्या सायीचं सुमारे ९९ टक्के वजन पाण्याचंच असतं. फिलिपिन्समध्ये नारळपाण्यावर हीच साय वाढवून 'नाटा दे कोको' म्हणून आवडीने खातात.

जखम उघडी ठेवा, सुकू द्या, असं घरोघरी सांगतात. पण १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगातून दाखवलं, की ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते. ही साय नेमका तो ओलावा टिकवते. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकातच ती 'बायोफिल' नावाने तात्पुरती त्वचा म्हणून वापरात आली.

म्हणून घरच्या कोम्बुचाची साय उचलून कोणी जखमेवर लावू नका हं! औषधी पट्टी अल्कलीने धुऊन, जिवाणू काढून, निर्जंतुक केलेली असते. शिवाय सेल्युलोज स्वतः जंतू मारत नाही. चिघळलेल्या जखमेला औषध लागतंच.

अडतं ते किमतीपाशी. साय वाढायला कित्येक दिवस जातात, पोषक द्रवालाही पैसे पडतात. पण नुसता एका पट्टीचा दर बघणं हा हिशेब अर्धवट आहे. पट्टी कमी वेळा बदलावी लागली तर वाचणारा नर्सचा वेळ, वेदनाशामक औषधं, हेही त्यात धरायला हवं. कोकणात खोबऱ्यासाठी नारळ फोडताना पाणी सहज ओतून दिलं जातं. त्या पाण्यावर ही साय वाढवायचे प्रयोग आपल्या महाविद्यालयांनी करावेत, आणि ती पट्टी सगळ्यात आधी सरकारी रुग्णालयांच्या जळीत विभागात पोचावी.