महाविद्यालयीन युवकांशी श्रद्धेविषयी बोलताना

सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा करण्याचा विचार करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हापासून पालक आम्हांला विचारू लागले : मुलांनी महाविद्यालयात प्रभू येशूविषयी बोलावे की मौन पाळावे?

भिवंडीच्या निजामपुऱ्यासारख्या वस्तीत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. यंत्रमागांच्या या शहराने १९७० व १९८४ च्या भीषण दंगली सोसल्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारून हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांना नियमितपणे एकत्र बसविले आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. न बोलल्याने सलोखा टिकतो, हा समज या शहरानेच खोटा ठरविला आहे. २०२५ साली रमजान आणि आपला प्रायश्चित्तकाळ मार्चच्या पहिल्याच आठवड्यात सुरू झाले. अशा वेळी वर्गातील मुस्लिम मित्राने 'तुमचा उपवास कसा असतो?' असे विचारले, तर ख्रिस्ती विद्यार्थ्याने उत्तर द्यायला का कचरावे? त्यानेही मित्राच्या रोज्याविषयी अवश्य विचारावे.

राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही. हा निकाल आपल्यातील अनेकांना आजही खटकतो. तथापि त्याच्या कितीतरी आधी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात श्रद्धेच्या प्रसारात सक्ती व प्रलोभन निषिद्ध मानले आणि गरीब व अशिक्षितांच्या बाबतीत विशेष सावधगिरी सांगितली.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या परिवर्तनाची सुरुवात आगगाडीतील एका संभाषणाने झाली. सहप्रवाशाने नवा करार हाती दिला आणि तो निघून गेला. पुढचे वाचन, प्रार्थना व मनाची घालमेल टिळकांची स्वतःची होती; १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रोटेस्टंट पंथाचे, परंतु त्या सहप्रवाशाचा संयम आपणही शिकावा.

म्हणूनच गरजू विद्यार्थ्याची फी भरणाऱ्याने त्याच भेटीत बायबल पुढे करू नये, असे आमचे मत आहे. अकरावी-बारावीची मुले बहुधा अठरा वर्षांखालील असतात. त्यांच्यासाठी बायबल-अभ्यासाची बैठक पालकांना ठाऊक असल्याशिवाय घेऊ नये; मग ती निजामपुऱ्यात असो वा वसईत.