शनिवारची चावी : कॉलेजच्या मित्रांचा बँड आणि आपली शाळा



आमची शाळा भिवंडीत, धामणकर नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर. २०२५ च्या जानेवारीत १८, १९ आणि २१ तारखेला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ‘कोल्डप्ले’ या इंग्लंडच्या बँडचे कार्यक्रम झाले. भिवंडीहून नेरूळ तसं फार लांब नाही, पण तिकिटाचे दर ऐकले की ते लंडनइतकंच लांब वाटायचं. आमच्या वर्गातलं कोणीही गेलं नाही. तरी सोमवारी शाळा भरली तेव्हा मोबाइलवरचे तुकडे सगळ्यांचे पाहून झाले होते.

नववीतल्या एका मुलाने तासाला हात वर केला. “बाई, ही माणसं बँडमध्ये लागली कशी? त्याची परीक्षा असते का?”

वर्ग हसला, मीही हसले. पण प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या मुलांना ‘लागणं’ म्हणजे परीक्षा, यादी आणि क्रमांक एवढंच ठाऊक आहे. मी त्यांना जे उत्तर दिलं ते आधी सांगते. त्यांना जे सांगायचं टाळलं ते त्यानंतर.

चौघे भेटले कुठे?

१९९६ सालची गोष्ट. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये नवीन मुलं दाखल झाली. सुरुवातीच्या ओळखीच्या आठवड्यातच ख्रिस मार्टिन आणि जॉनी बकलंड यांची गाठ पडली. दोघे एकाच वसतिगृहात राहायचे आणि संध्याकाळी गाणी रचत बसायचे. पुढे गाय बेरीमन येऊन मिळाला, शेवटी विल चॅम्पियन. गंमत म्हणजे विलला ड्रम वाजवायला घेतलं तेव्हा तो मुळी ड्रमर नव्हताच. गिटार, पियानो वाजवायचा. बँडला ड्रमर हवा होता, म्हणून तो ड्रम शिकला.

नावंही धड ठरत नव्हती. आधी एक, मग ‘स्टारफिश’, मग ‘कोल्डप्ले’. १९९८ मध्ये त्यांनी पहिली छोटी सीडी काढली, अवघ्या ५०० प्रती. त्यातल्या बऱ्याचशा कंपन्यांना आणि मित्रांनाच वाटल्या गेल्या. ख्रिसचा शाळेपासूनचा मित्र फिल हार्वी स्वतः विद्यार्थी होता, तोच त्यांचा मॅनेजर झाला. १९९९ मध्ये मोठ्या कंपनीशी करार झाला, २००० मध्ये ‘पॅराशूट्स’ हा पहिला अल्बम आला, ‘यलो’ हे गाणं जगभर गाजलं आणि २००२ मध्ये याच अल्बमला अल्टरनेटिव्ह संगीताचा ग्रॅमी मिळाला.

आणि शिक्षण? पालकांनी इथे जरा थांबून वाचावं. ख्रिस मार्टिनने प्राचीन जगाचा, म्हणजे ग्रीक-लॅटिनच्या वळणाचा अभ्यास करून प्रथम वर्गात पदवी घेतली. जॉनी गणित आणि खगोलशास्त्र शिकत होता, विल मानववंशशास्त्र. चौघांपैकी एकट्या गायने अभ्यासक्रम अर्धवट सोडला. म्हणजे बँड केला की शिक्षण बुडालंच, असं काही नाही.

मला मात्र यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या काळात भांडण होऊन ख्रिसने विलला बँडमधून काढून टाकलं होतं. मग चूक कळली. विनवण्या करून त्याला परत बोलावलं आणि चौघांनी नियम केला, की कमाई चौघांत सारखी वाटायची. गाणारा सगळ्यांत पुढे दिसतो, पण हिस्सा सारखाच. आपण मूल्यशिक्षणाच्या तासाला ‘सहकार्य’ हा शब्द फळ्यावर लिहितो. ही मुलं तो एकमेकांना दुखावून आणि पुन्हा माफी मागून शिकली.

‘अल्टरनेटिव्ह’ म्हणजे काय?

एका मुलीने हा प्रश्न विचारला. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी. मोठ्या कंपन्या आणि मोठी रेडिओ केंद्रं जे वाजवत होती, त्याच्या बाहेरचं रॉक. १९८० च्या दशकात अमेरिकेत अशी गाणी कोण वाजवायचं? कॉलेजांची छोटी रेडिओ केंद्रं, जी विद्यार्थीच चालवायचे. म्हणून या संगीताला आधी चक्क ‘कॉलेज रॉक’ म्हणत. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात जमलेल्या ‘आर.ई.एम.’ या चौघांचा पहिला कार्यक्रम १९८० च्या एप्रिलमध्ये झाला, तोही एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, वापरात नसलेल्या जुन्या चर्चमध्ये. म्हणजे हे संगीत जन्माला आलं ते मित्रांमुळे, रिकाम्या जागेमुळे आणि ‘वाजवा रे, आम्ही ऐकतो’ म्हणणाऱ्या थोड्याशा लोकांमुळे.

आपल्याकडे काय होतं?

हे सगळं परदेशातलं, असं कोणी म्हणेल. मग मुंबईकडे बघू. १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड सुरू झाला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश टिनईकर ही त्यातली गाजलेली नावं. सगळे बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत असताना यांनी स्वतःची गाणी लिहून १९८८ मध्ये अल्बम काढला. पुढे त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. त्यानंतरच्या पिढीत विशाल ददलानीचा ‘पेंटाग्राम’ आला आणि २००५ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवापर्यंत पोहोचला. हिंदी सिनेमातल्या विशाल-शेखर जोडीतला विशाल तो हाच.

या मुलांना उभं राहायला एक जागा होती. धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं खुलं नाट्यगृह, रंगभवन. १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव तिथे गाजला. नवख्या बँडला तिथे वाजवायला मिळणं म्हणजे मोठीच गोष्ट. पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र झालं आणि रंगभवनातलं संगीत थांबलं. नियम चुकीचा नाही. आजारी माणसाला झोप हवीच. पण एक जागा बंद करताना दुसरी कुठे उघडायची, हा प्रश्न कोणी नेटाने विचारला नाही.

आता मराठी माणसाच्या जवळचं उदाहरण. बँडच्या बाबतीत आपण मागे असू, पण कॉलेजच्या मित्रांनी एकत्र येऊन काही उभं करायचं, हे आपल्याला नवीन नाही. आपण ते नाटकात केलं. पुण्यात १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासकांची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा होते. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे दोघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. एक बालरोगतज्ज्ञ झाले, दुसरे मानसोपचारतज्ज्ञ, आणि दोघांनी नाटकही केलं. १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं आणि पुढच्याच वर्षी त्या मंडळींनी थिएटर अकॅडमी उभी केली.

करंडकाने मुलांना नेमकं काय दिलं? एक तारीख दिली, तालमीला निमित्त दिलं आणि मोकळेपणाने दाद देणारा, तितक्याच मोकळेपणाने हुर्यो करणारा प्रेक्षक दिला. कॉलेजने तालमीसाठी वर्ग उघडून दिला. बाकी सगळं मुलांनी केलं. गाण्याच्या बाबतीत आपण गॅदरिंगला काय करतो? सिनेमाचं गाणं, मागे तयार ट्रॅक, पुढे नाच. स्वतःचं गाणं करून आणा, असं आपण मुलांना सांगतच नाही.

जे मी वर्गात सांगितलं नाही

दोन वर्षांपूर्वी दहावीतली चार मुलं माझ्याकडे आली होती. एकाचं घर पद्मानगरला, घरात तेलुगू बोलणारा. एक उर्दू घरातला, दोघे मराठी. चौघांकडे मिळून एक जुनी गिटार होती आणि ड्रम म्हणून रंगाच्या चार रिकाम्या बादल्या. बादल्या वाजवणाऱ्या मुलाचे वडील यंत्रमागावर कामाला. धोट्याचा खटखटाट ऐकत तो लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे ताल त्याच्या हातात पक्का होता. त्यांनी स्वतःचं एक गाणं केलं होतं, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. घरी जागा नाही, गल्लीत वाजवलं की लोक ओरडतात. म्हणून त्यांना शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर हॉल हवा होता.

हॉलची चावी माझ्याच ताब्यात असते. मी म्हटलं, “आधी दहावी. मग काय वाजवायचं ते वाजवा.”

आवाज चढवला नाही, कोणाचा अपमान केला नाही. मला तर तेव्हा मी फार जबाबदारीने वागले असंच वाटलं. मुलं ‘बरं बाई’ म्हणून गेली. दहावी झाली, चौघेही पास झाले. मग एक कल्याणला डिप्लोमाला गेला, एक कॉमर्सला, एक गावी परत गेला. बादल्या वाजवणारा गोदामात कामाला लागला.

तो मला मध्यंतरी धामणकर नाक्यावर भेटला. मेट्रोच्या खांबांशेजारी गाड्या खोळंबलेल्या आणि हा स्कूटरवर दोन खोकी बांधून उभा. मी विचारलं, “वाजवतोस का रे अजून?”

तो हसला. “नाही बाई. बादल्या आईने घेतल्या, पाणी भरायला.”

तक्रारीच्या सुरात नाही, सहज बोलला. सिग्नल सुटला आणि तो गेला. मी मात्र बराच वेळ तिथेच उभी होते. ती मुलं कोल्डप्ले झाली असती असं मी अजिबात म्हणत नाही. बहुधा झाली नसती. पण चार वेगवेगळ्या घरांतली, तीन भाषा बोलणारी मुलं आपण होऊन एकत्र आली होती. आपल्या या गावात त्याची किंमत काय असते, हे भिवंडीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ते एकत्र येणं टिकायला आठवड्याचा एक तास लागत होता, आणि तो माझ्या हातात होता.

“गाण्याने पोट भरतं का?”

पालकांचा हा प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. बहुतेकांचं नाही भरत. कॉलेजातले बहुतेक बँड कॉलेज संपताच संपतात. ज्या घरात एका पगारावर सहा माणसं जगतात, त्या घराला ‘मुलाला मनासारखं करू द्या’ असा उपदेश करायचा मला अधिकार नाही.

पण आपण खो-खो खेळणाऱ्या मुलीला ‘याने पोट भरेल का’ असं विचारतो का? निबंध लिहिणाऱ्या मुलाला विचारतो का? तिथे आपण म्हणतो, मूल घडतंय. मग चार जणांनी वेळेवर जमणं, दुसऱ्याचं ऐकून आपला आवाज कमी करणं, जमेना म्हणून तीच ओळ वीस वेळा करणं, भांडणं आणि पुन्हा एकत्र येणं, याला काय म्हणायचं? नोकरीच्या मुलाखतीत ज्याला ‘टीमवर्क’ म्हणतात, ते याहून वेगळं असतं का?

आणि अभ्यासाचा वेळ? आपल्या मुलांचा वेळ गाणं खात नाही हो. शाळा, क्लास, क्लासचा गृहपाठ, आणि उरलेला मोबाइल. मुलं मोबाइलवर दुसऱ्यांची गाणी दोन-दोन तास ऐकतात, त्याची आपल्याला सवय झाली आहे. त्यांनी तासभर स्वतःचं गाणं वाजवलं की मात्र आपल्याला दहावी आठवते.

मग करायचं काय?

फार काही नाही. पैसेही फारसे लागत नाहीत.

१. शाळेतली किंवा कनिष्ठ महाविद्यालयातली एक खोली आठवड्यातून एक तास उघडी ठेवा. संध्याकाळी सातच्या आत, खिडक्या लावून. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

२. एक शिक्षक तिथे बसेल, पण शिकवणार नाही. वह्या तपासत बसला तरी चालेल.

३. अट एकच, वर्षाकाठी एक गाणं स्वतःचं हवं. भाषा कोणतीही चालेल. वाद्यं नसतील तर बादल्या चालतील.

४. गॅदरिंगमध्ये त्या गाण्याला दहा मिनिटं राखून ठेवा. क्रमांक काढू नका.

५. परीक्षेच्या महिन्यात खोली बंद. हे मुलांशी आधीच ठरवा, म्हणजे कटकट होत नाही.

पालकांना एकच विनंती. मूल घरी आलं की ‘किती वेळ घालवलास’ असं विचारण्याआधी ‘काय वाजवलंत, ऐकव बघू’ म्हणा. नाही आवडलं तर तसंही सांगा. ऐकून नावं ठेवलेली मुलांना चालतात. न ऐकता ठेवलेली मात्र लागतात.

या जूनपासून आमच्या शाळेचा हॉल शनिवारी दुपारी एक ते दोन उघडा असतो. पहिल्या शनिवारी तिघी आल्या, आठवीतल्या. एकीकडे पेटी, बाकी दोघींकडे काहीच नाही. तासभर त्या नाव काय ठेवायचं यावरच भांडल्या. मी वह्या तपासत बसले होते. दोन वाजले तरी नाव ठरेना.

“बाई, पुढच्या शनिवारी पण उघडणार ना?” एकीने विचारलं.

मी हो म्हटलं. आता ते पाळायचं आहे. तुमच्याही शाळेत असा एक हॉल असेल आणि त्याची चावी कोणाकडे तरी असेल. ती तुमच्याकडे असेल, तर ‘आधी दहावी’ म्हणण्यापूर्वी एकदा विचार करा.