तबकडीचा पत्ता: पीण्या

डिक डेलची १९६२ सालची ‘सर्फर्स चॉइस’ किंवा व्हेंचर्सची ‘वॉक, डोन्ट रन’ अशा मुख्यतः गिटारवर चालणाऱ्या तबकड्या व्हायनलवर पुन्हा निघाल्या, की बोलणं होतं ते फक्त जुन्या आठवणींचं. मला ते अपुरं वाटतं, कारण हे संगीत मुळातच कारखान्याचं आहे. या ‘सर्फ’ शैलीतल्या गिटारचा तो ओला घुमारा फेंडरने १९६१ मध्ये बाजारात आणलेल्या रिव्हर्ब पेटीतल्या स्प्रिंगांमधून येतो. तबकडीचंही तेच: लॅकरवर खाच कोरायची, तिच्यावर चांदीचा पातळ थर द्यायचा, मग निकेलचं प्लेटिंग, त्यातून साचा आणि शेवटी तापलेल्या पीव्हीसीवर प्रेसचा दाब. प्लेटिंग, डाय, प्रेस हे तर बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या छोट्या वर्कशॉपांचं रोजचं काम. कुणी म्हणेल, मोबाइलवर सगळं ऐकायला मिळत असताना मागणी ती किती? थोडीच, पण लघुउद्योग थोड्या नगांच्या ऑर्डरींवरच उभे असतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खाचेतली चूक मायक्रॉनमध्ये मोजावी लागते, एक कण अडकला तरी सुई खरखरते. खरं आहे. मात्र पीण्यात विमानांचे सुटे भाग घडवणाऱ्या हातांना मायक्रॉन नवा नाही, शिकायचा आहे तो कानाचा भाग. मुंबई परिसरात २०२४ मध्ये व्हायनलचा कारखाना सुरू झाला, म्हणजे हे भारतात जमतं. तेव्हा रेकॉर्ड कंपन्यांनो, पुढची तबकडी परदेशातून छापून आणण्याआधी पीण्यातल्या एखाद्या प्लेटिंगवाल्याकडून एक साचा करून घ्या.