हप्ता नको, पट्टा द्या

अंबरनाथ-बदलापूरच्या वाड्यांत आता सावकार मोटारसायकलवरून येतो. त्याच्या हातात चोपडी नाही, छापील कार्ड आहे. म्हणतो, पाच-दहा बायांचा गट करा, तारण नको, दहा हजार घ्या, धंदा करा, गरिबी जाईल. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. तारण नाही कसं? शेजारीणच तारण ठेवून घेतली की!

व्याज साडेबारा टक्के सांगतात. साथींनो, हिशोब मांडून बघू. दहा हजार घेतले, आठवड्याला २२५ रुपये, ५० आठवडे. भरले ११,२५०. पण मुद्दल दर आठवड्याला फिटत जातं. वर्षभराची सरासरी काढली तर आपल्याकडे निम्मेच पैसे असतात, व्याज मात्र पुऱ्या दहा हजारांवर. खरा दर पडतो २४ टक्क्यांच्या आसपास.

गावचा सावकार याहून महाग, हे आम्हाला कोणी सांगायला नको. आमचं भांडण नुसत्या टक्क्यांशी नाही, आठवड्याशी आहे. उल्हासनगरच्या कॅम्पात ज्याचा गाळा आहे त्याच्या गल्ल्यात रोज पैसा पडतो, त्याचा हप्ता निघत असेल. कातकरी-ठाकरांच्या घरात दर आठवड्याला पैसा येतो कुठून? पावसाच्या तोंडाला बाया शेवळं, करटुली घेऊन बदलापूर स्टेशनाबाहेर बसतात. आवणीला मजुरी मिळते. भादव्यात चूल थंड, पण हप्ता भादव्यातही येतो. मग दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून पहिलीचा हप्ता. दोन्ही थकले की घरवाला वीटभट्टीवाल्याकडून बयाणा उचलतो, आणि दिवाळीनंतर पोरांसकट अख्खं घर भट्टीवर. १९४५ साली वारल्यांनी लग्नगडीची पद्धत मोडली. लग्नाच्या कर्जापायी माणूस जन्मभर मालकाकडे राबायचा, ती. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. आता तीच वाट कार्डावर सही घेऊन उघडली जातेय.

हे आमच्याच डोक्यातलं खूळ नव्हे. आंध्रात कर्जदार बायांच्या आत्महत्यांचा बोभाटा झाला, तेव्हा ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला: वसुली आठवड्याला नाही, महिन्याला, दारात नाही, ग्रामपंचायतीत. त्याच वर्षी तिथल्याच एसकेएस कंपनीने शेअर विकून हजार कोटींच्या वर रक्कम उभी केली. गरिबी कोणाची गेली ते बघा! रिझर्व्ह बँकेच्या मालेगाम समितीनेही जानेवारी २०११ मध्ये सांगितलं की व्याज २४ टक्क्यांच्या वर नको, आणि एका बाईला दोनपेक्षा जास्त कंपन्यांनी कर्ज देऊ नये. आपल्या वाड्यांत हे मोजणार कोण?

बायांनी स्वतः पैसे साठवून चालवलेला बचत गट वेगळा. त्याचं व्याज गटातच राहतं, अडीनडीला हप्ता थांबवता येतो. तो चालू ठेवा.

पण दहा हजारांचा धंदा करायला पायाखाली काही लागतं. आपल्या पायाखालची जमीन आपल्या नावावर नाही. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर चार हेक्टरपर्यंत तुमचा हक्क. हा पट्टा वारसाला मिळतो, विकता येत नाही, म्हणून तारणही ठेवता येत नाही. कर्जवाले यावर नाक मुरडतात. आम्हाला तेच बरं वाटतं. बदलापुरात बिल्डर कुठवर आलाय ते बघता ना? कर्जापायी ही जमीन त्याच्या घशात जायची नाही.

सरकारला गरिबी हटवायचीच असेल तर भादव्याआधी खावटी द्या, मागेल त्याला १५ दिवसांत रोजगार हमीचं काम द्या, आणि अडकलेले वनदावे काढा. त्यासाठी कंपनी लागत नाही.

ज्यांचा दावा नामंजूर झाला त्यांनी तोंडी उत्तर घेऊ नये, कारणांसकट लेखी कागद मागावा. उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. आणि नवीन गटाच्या कार्डावर अंगठा देण्याआधी ते कार्ड वाडीच्या बैठकीत आणा, सगळ्यांसमोर वाचू.